नववीतच फाउंडेशन लावायचं का? आधी बारावीचं कॅलेंडर शेवटाकडून वाचा

घणसोलीच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी नववीत, राज्य मंडळाची सेमी-इंग्रजी शाळा. गणितात बरी, चित्रकलेची आवड. इंजिनिअरिंग, मेडिकल की आणखी काही, हे ठरलेलं नाही. वाशीच्या एका क्लासने चार वर्षांचं पॅकेज सांगितलंय: नववी-दहावी फाउंडेशन (म्हणजे प्रवेश परीक्षांची आधीपासून तयारी), अकरावी-बारावी इंटिग्रेटेड (म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र). महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर सवलत. 'आत्ता नाही लावलं तर उशीर होईल का?' असं त्यांनी विचारलंय. कुटुंब ओबीसी प्रवर्गातलं आहे, त्याचे कागद कधी करायचे, हाही प्रश्न आहे.

मी ठाण्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि दर पावसाळ्यात कॅपचे, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे, पर्याय भरताना पालकांच्या शेजारी बसतो. त्यामुळे मुलं कुठे अडकतात आणि पालक कुठे घाबरून चुकीची सही करतात, हे दोन्ही बाजूंनी बघायला मिळतं.

उशीर होणार नाही, हे आधी सांगून टाकतो. पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. या चार वर्षांत सात-आठ निर्णय घ्यायचे आहेत आणि प्रत्येकाची आपापली वेळ आहे. पॅकेज घेतलंत की ते सगळे निर्णय आजच एका सहीत होतात, तेही अशा वेळी, जेव्हा मुलीला स्वतःला काय हवंय ते माहीत नाही. तेव्हा कोणता निर्णय कधी घ्यायचा, एवढंच बघू.

मुलगी बारावीत असेल त्या वर्षाचं कॅलेंडर घ्या आणि मे महिन्याकडून मागे वाचत या. मेच्या सुरुवातीला नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. एप्रिलमध्ये इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या जेईई मेनचं दुसरं सत्र आणि त्याच्या मागेपुढे राज्याच्या एमएचटी-सीईटीच्या शिफ्ट. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची लेखी परीक्षा. त्याआधी प्रात्यक्षिकं, आणि त्यांच्याच आगेमागे जेईई मेनचं जानेवारीतलं पहिलं सत्र. जानेवारीत पेपर द्यायचा असेल तर नवीन शिकणं नोव्हेंबरअखेर संपायला हवं, म्हणजे उजळणीला थोडी जागा राहते. बारावीत शिकायला हातात येतात ते जेमतेम सहा-सात महिने.

आता अकरावीकडे बघा. दहावीचा निकाल, मग ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या, मग कॉलेज. २०२५ मध्ये ही प्रक्रिया पहिल्यांदा राज्यभर झाली आणि वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. मुलं बाकावर स्थिरावतात तोवर गणपती येतात, मग नवरात्र, मग दिवाळी. घरी सगळे म्हणत असतात, 'दहावीला दमलीये, अकरावी जरा आरामात जाऊ दे, अकरावीचे मार्क कुठे धरतात?' मार्क धरत नाहीत हे खरं. पण जेईई आणि नीटच्या पेपरात साधारण निम्मा भाग अकरावीचा असतो. मी पाहिलेली बहुतेक मुलं बारावीत हरत नाहीत. ती अकरावीच्या ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये हरतात आणि त्यांना ते कळतं बारावीच्या ऑक्टोबरमध्ये. म्हणून माझं सगळं नियोजन एकाच गोष्टीभोवती असतं: अकरावी वाया जाऊ द्यायची नाही. नववी-दहावीचं काम एवढंच की मुलगी अकरावीच्या दारात पोचेल तेव्हा गणित पक्कं असावं, झोप पुरेशी झालेली असावी आणि अभ्यासाचा वीट आलेला नसावा.

अकरावीत एक खास महाराष्ट्री अडचण आहे, ती क्लासवाले क्वचितच समजावून सांगतात. आपल्या मंडळाच्या सध्याच्या पुस्तकांत आणि एनसीईआरटीत (सीबीएसईच्या पुस्तकांत) विषय बरेचसे तेच आहेत, पण क्रम वेगळा आहे. भौतिकशास्त्रात आपण प्रकाशशास्त्र, स्थिरविद्युत, सेमीकंडक्टर यांची ओळख अकरावीत करून देतो आणि घूर्णन गती, दोलनं, उष्मागतिकी बारावीत घेतो. एनसीईआरटीत घूर्णन, दोलनं, उष्मागतिकी अकरावीत आहेत, तर प्रकाशशास्त्र आणि विद्युत बारावीत. जेईई-नीटचे क्लास बहुधा एनसीईआरटीच्या क्रमाने चालतात. मग मुलगी सकाळी कॉलेजात भिंगं शिकते, संध्याकाळी क्लासमध्ये फिरणाऱ्या चकतीचा जडत्वाघूर्ण काढते आणि दोन्हीकडे पाहुण्यासारखी बसते. यावर उपाय आहे. क्लास निवडताना सरळ विचारा, 'राज्य मंडळाच्या मुलांसाठी क्रम कसा लावता?' गडबडून 'सगळं कव्हर होतं' असं उत्तर आलं, तर समजून जा.

दुसरी अडचण गणिताची. अकरावीच्या भौतिकशास्त्रात दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं आहे: सदिश, थोडं अवकलन, थोडं समाकलन. गणिताच्या तासाला अवकलन यायला अजून बरेच महिने असतात. दहावीला नव्वदच्या वर गुण मिळवलेली मुलं इथे पहिल्यांदा गांगरतात आणि 'मला फिजिक्स जमत नाही' असं ठरवून टाकतात. अडलेलं असतं ते फिजिक्स नव्हे, आलेख आणि त्रिकोणमिती.

परीक्षांबद्दल थोडं. त्या तिन्ही एकाच अभ्यासाच्या असल्या तरी स्वभावाने वेगळ्या आहेत आणि हे मुलांना बारावीच्या आधी कळायला हवं. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात दीडशे प्रश्न, दोनशे गुण. भौतिक आणि रसायनचे शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत, म्हणजे प्रश्नामागे मिनिटभरसुद्धा नाही. गणिताचे पन्नास प्रश्न पुढच्या नव्वद मिनिटांत, प्रत्येकी दोन गुण. चुकल्यास गुण कापत नाहीत. अकरावीचा भाग साधारण वीस टक्के, तोही ठरावीक प्रकरणांतून. जेईई मेनमध्ये पंचाहत्तर प्रश्न तीन तासांत, प्रश्नामागे जवळजवळ अडीच मिनिटं, पण बरोबरला चार आणि चुकीला वजा एक. नीटमध्ये एकशे ऐंशी प्रश्न आणि एकशे ऐंशी मिनिटं, निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, आणि अजून तरी कागदावर गोळे रंगवायचे.

एकेका प्रश्नाशी झटत बसणारं मूल जेईईत रमतं आणि सीईटीत वेळेला मार खातं. चपळ मुलाचं उलटं होतं. माझ्या वर्गात जेईईच्या नादात सीईटीला 'ती काय, सहज होईल' म्हणणारी मुलं दरवर्षी असतात. मग राज्यातल्या बहुसंख्य जागा सीईटीवर भरतात हे जूनमध्ये आठवतं. ठाणे-नवी मुंबईच्या मुलाने कासारवडवलीच्या, नेरुळच्या किंवा वाशीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची नावं घरी ऐकलेली असतात. माटुंग्याचं व्हीजेटीआय हे तर अनेकांचं स्वप्न. तिथल्या महाराष्ट्राच्या जागांची वाट सीईटीतून जाते. जेईई मेन लागते ती एनआयटी-ट्रिपलआयटीसाठी, आयआयटीच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या पात्रतेसाठी आणि राज्यातल्या अखिल भारतीय जागांसाठी. जेईई द्यायचीच असेल तर जरूर द्यावी, फक्त सीईटीचे वेळ लावून पेपर जानेवारीनंतर वेगळे सोडवावे लागतात.

आता फाउंडेशनबद्दल. ते वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. एखादा चांगला शिक्षक नववीच्या मुलांना भूमितीत विचार करायला शिकवत असेल तर तो क्लास सोन्यासारखा. पण बहुतेक ठिकाणी अकरावीची प्रकरणं सोपी करून आधीच शिकवली जातात. मुलीला ते शब्द ओळखीचे होतात, विषय समजत नाही, आणि अकरावीत 'हे माहितीये' म्हणून ती कान बंद करते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की पहिल्या आठवड्यात हात वर करून सूत्र सांगणाऱ्या मुलांची मला जास्त काळजी वाटते. फाउंडेशनचं मोजमाप म्हणून दाखवल्या जाणाऱ्या परीक्षाही आता पूर्वीसारख्या नाहीत. केव्हीपीवाय आणि एनटीएस या दोन्ही शिष्यवृत्ती परीक्षा बंद झाल्यात.

चार वर्षांच्या पॅकेजला माझा विरोध आहे, आणि कारण साधं आहे: चार वर्षांत परीक्षा बदलतात. २०२१ ते २०२४ या काळात नीटला दोनशेपैकी एकशे ऐंशी प्रश्न निवडून सोडवायचे होते, जेईईतही अंकी उत्तरांच्या भागात दहापैकी पाच निवडता येत. २०२५ पासून दोन्हीकडचा पर्याय गेला. २०२४ मध्ये जेईईचा अभ्यासक्रमही कमी झाला. तुमची मुलगी बारावीत पोचेपर्यंत आपल्या मंडळाची पुस्तकंही बदलू शकतात, आत्ताची अकरावीची २०१९ ची आणि बारावीची २०२० ची आहेत. त्याहून मोठं म्हणजे मुलगी बदलते. नववीत डॉक्टर व्हायचं म्हणणारी किती मुलं अकरावीत जीवशास्त्र सोडतात, हे कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षकाला विचारा.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, माध्यमिक परीक्षेनंतरच द्यावा, आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं त्यात म्हटलंय. अंमलबजावणी राज्यांवर आहे, त्यामुळे क्लासच्या काउंटरवर याचा फार दरारा दिसणार नाही. तरी 'मध्येच सोडलं तर किती परत, ते लेखी द्या' असं म्हणायला तुम्हाला आधार आहे. सवलतीचं म्हणाल, तर या महिन्यात संपणारी सवलत बहुधा पुढच्या महिन्यात दुसऱ्या नावाने येते.

दहावीनंतर क्लास लावायचा की नाही, हे मुलीवर अवलंबून आहे. ठरवून रोज बसणारी मुलगी, कॉलेजात दोन-तीन चांगले शिक्षक आणि चाचणी मालिका एवढ्यावर सीईटीला उत्तम गुण आणू शकते. जेईई-नीटला शंका विचारायला कुणीतरी लागतंच. तो क्लास असेल, एखादा वैयक्तिक शिक्षक असेल, किंवा नुकतीच त्यातून गेलेली मावसबहीण.

पण क्लासइतकंच महत्त्वाचं आहे अंतर, आणि नवी मुंबईच्या पालकांकडून ते हमखास निसटतं. घणसोलीहून ठाण्याला कॉलेज आणि वाशीला क्लास म्हणजे ट्रान्स-हार्बरवर सकाळी एका दिशेला आणि संध्याकाळी दुसऱ्या. गाडीतला वेळ थोडाच दिसतो. पण घर ते स्टेशन, जिना, गाडीची वाट, पलीकडची रिक्षा धरा आणि पावसाळ्यातला एक दिवस डोळ्यांसमोर आणा. अकरावीच्या पर्यायांत कॉलेजांची नावं भरताना मागच्या वर्षीच्या कटऑफबरोबर घरापासूनचा दारोदारचा वेळही लिहा. दोन टक्के 'वरचं' कॉलेज रोजचा दीड तास खाणार असेल तर मी खालचं घेतो. शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय असेल तर इनहाउस कोट्याचाही, म्हणजे त्याच शाळेच्या मुलांसाठी राखलेल्या जागांचाही, विचार करा.

इंटिग्रेटेडबद्दल लोक माझ्याकडून एका वाक्याची अपेक्षा ठेवतात, ते मला देता येत नाही. काही ठिकाणी कॉलेज आणि क्लास एकाच छताखाली, प्रयोगशाळा चालू, हजेरी खरी, आणि प्रवासाचा वेळ वाचतो. ते चांगलं. काही ठिकाणी कॉलेज फक्त कागदावर असतं. तिथे बारावीच्या फेब्रुवारीत मुलांना व्हर्निअर कॅलिपर धरता येत नाही, आणि भौतिकशास्त्रात शंभरपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. शिवाय एनआयटी-आयआयटीच्या प्रवेशाला बोर्डात पंचाहत्तर टक्के लागतात, किंवा मंडळातल्या पहिल्या वीस पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. राखीव वर्गांत एससी-एसटीला पासष्ट, ओबीसीला मात्र सवलत नाही. प्रवेशाआधी आठवड्याच्या मधल्या दिवशी जाऊन प्रयोगशाळा उघडी आहे का, मुलं आत आहेत का, ते बघून या.

मग आत्ता, नववीत, काय करायचं? गणित. बीजगणितातली अपूर्णांकांची सफाई, घातांक, समीकरणाची बाजू बदलताना न डगमगणं, शाब्दिक उदाहरण वाचून स्वतः समीकरण मांडणं. रोज अर्धा-पाऊण तास, पाठ्यपुस्तकातलीच उदाहरणं, पण उत्तर न बघता आणि पायऱ्या न गाळता. विज्ञानात एककं. सेमी-इंग्रजी आहे हे चांगलंच, पण विज्ञानाचा परिच्छेद इंग्रजीत वाचून मराठीत सांगता येतो का, हे आठवड्यातून एकदा बघा. अकरावीत बऱ्याच मुलांचा वेग भाषेपाशी मंदावतो. जेईई मेन आणि नीट मराठीतूनही देता येतात, पण तुमच्या मुलीला त्याची गरज पडेल असं वाटत नाही. दहावीचं वर्ष दहावीलाच द्या, कारण हव्या त्या जवळच्या कॉलेजात प्रवेश त्याच गुणांवर मिळणार आहे.

सगळ्यात मोलाचा काळ येतो दहावीची परीक्षा संपल्यावर. मार्चच्या मध्यापासून जुलैपर्यंत कुणीच काही शिकवत नाही आणि बहुतेक घरांत गाव आणि मोबाइल यांत तो निघून जातो. गावाला जाऊ द्या, पंधरा दिवस खुशाल लोळू द्या. मग रोज दोन तास धरा. त्रिकोणमिती, लॉगॅरिथम, आलेख काढणं आणि वाचणं, सदिशांची बेरीज, उताराच्या कल्पनेतून अवकलन. क्लास लावायचा असेल तर याच वेळी दोन-तीन ठिकाणी चार-चार तास बसून बघायचं आणि ठरवायचं. इथे झालेलं काम ऑगस्टमध्ये लगेच दिसतं.

विषयांचा निर्णय त्यानंतरचा. खरंच ठरत नसेल तर अकरावीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा आणि दिवाळीपर्यंत बघा, मुलगी कुठल्या वहीकडे आपणहून जाते. बारावीपर्यंत दोन्ही ओढत नेणं बहुतेकांना जड जातं. इंजिनिअरिंग पक्कं असेल तर संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा बायफोकल (व्यवसायाशी जोडलेला) विषय टक्केवारीला मदत करतो, पण त्याची प्रात्यक्षिकं वेळ खातात.

चित्रकलेची आवड तुम्ही जाता जाता लिहिलीत, माझं लक्ष मात्र तिथेच थांबलं. डिझाइनसाठी यूसीड ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते आणि ती कुठल्याही शाखेच्या बारावीच्या मुलांना देता येते. तुमच्या जवळच खारघरला निफ्ट ही फॅशन डिझाइनची संस्था आहे. आर्किटेक्चरला नाटा ही प्रवेश परीक्षा. तिने एलिमेंटरी, इंटरमीजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा दिल्या नसतील तर शाळेत असतानाच द्यायला लावा, दहावीला वाढीव गुणही मिळतात. अकरावीच्या मे महिन्यात यूसीडचा एक जुना पेपर तिच्यापुढे ठेवा आणि तिचा चेहरा बघा. जेईईच्या क्लासने हा पर्याय तुमच्यापुढे ठेवण्याची शक्यता कमी.

आता कागद. हे काम कंटाळवाणं आहे, पण दर जुलैत यावरून रडारड होते. राज्याच्या व्यावसायिक प्रवेशाला ओबीसीसाठी जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि चालू मुदतीचं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र (उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचं) लागतं. वैधतेचा अर्ज अकरावी विज्ञानाला असतानाच कॉलेजमार्फत करता येतो. तो तेव्हाच करा, बारावीच्या मेमध्ये नाही. जातीच्या नोंदीचा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, वडिलांकडच्या नातेवाइकाचा पुरावा लागेल. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असेल तर उत्तम. तुमची किंवा सख्ख्या काका-आत्याची वैधता आधीच झालेली असेल तर काम बरंच सोपं होतं.

जेईई आणि नीटच्या केंद्रीय जागांसाठी ओबीसीचा दाखला वेगळ्या, केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा असावा लागतो. त्यासाठी बारावीच्या एप्रिलमध्ये एक फेरी ठेवा. उत्पन्नाचा दाखलाही तेव्हाच घ्या: २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत मिळत नाही.

घणसोली ठाणे तालुक्यात येते, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला इथेच होईल. पण मूळ गाव साताऱ्याकडचं किंवा कोकणातलं असेल, तर जातीचा दाखला बहुधा तिथल्या कार्यालयातून निघतो आणि पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे जाते. तेव्हा येत्या गणपतीला किंवा मे महिन्यात गावी गेलात की आजोबांच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागून घ्या, आणि नावाचं किंवा आडनावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, ते तिथल्या तिथे तपासा.